पाणी घालू नये

साहेबांच्या पुढच्या खोलीत खिडकीच्या गजाला एक कुंडी टांगलेली होती आणि कुंडीला पुठ्ठ्याची पाटी. ‘पाणी घालू नये.’ खाली लफ्फेदार सही, सहीखाली ‘कालवा निरीक्षक’, आणि जागा संपत आल्यामुळे पुढे मुंगीएवढ्या अक्षरात ‘निवृत्त’. घरात माणसं तीन. साहेब, त्यांची बायको, ज्यांना मी मावशी म्हणायचे, आणि मागच्या खोलीत भाड्याने राहणारी मी. त्यामुळे पाटी कोणासाठी होती ते वेगळं सांगायला नको.

गुन्हा माझाच होता. मी सांगलीत शाळेत नोकरीला लागले आणि त्या घरात राहायला आले, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यातली गोष्ट. साहेब आणि मावशी दवाखान्यात गेले होते. कुंडीतली माती कोरडी ठक्क दिसली. मी कृष्णाकाठच्या ऊसवाल्यांची पोर. आमच्याकडे माया म्हणजे पाणी. रानाला, म्हशीला, पाहुण्याला, तुळशीला, समोर येईल त्याला आधी पाणी घालायचं, मग विचारायचं. घातलं तांब्याभर. चारच दिवसांत तेच पुन्हा केलं. पुढच्या रविवारी झाडाचा बुंधा काळा पडून बोटाने दाबला तर लिबलिबीत लागायला लागला आणि एक अख्खी वेणी गळून फरशीवर पडली.

साहेब ओरडतील म्हणून मी तोंड सज्ज ठेवलं होतं. मी तोंडाची फाटकी आहे, शाळेत शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत कोणाला ऐकत नाही. पण साहेबांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. “बाई, ऊस वाटला व्हय तुमाला?” एवढंच म्हणाले. मग दाढीचं नवं पातं काढून वेण्यांचे चांगले शेंडे कापले, चार दिवस वर्तमानपत्रावर सुकत ठेवले आणि कापलेली जागा वाळून बंद झाल्यावर नव्या मातीत खोचले. पाटी त्याच दिवशी लागली.

झाडाचं नाव गाढवाचं शेपूट. नर्सरीवाल्याने डाँकीटेल म्हणून विकलं होतं. मावशींनी मला अर्थ विचारला, मी सांगितला, आणि पदर तोंडाला लावून त्या जे हसल्या, तेव्हापासून तेच नाव पडलं. मोगऱ्याच्या कळीएवढी फुगीर पानं, एकाला एक चिकटून बसलेली, अशा पाच वेण्या कुंडीच्या काठावरून हातभर खाली लोंबायच्या. पानांवर द्राक्षाच्या मण्यावर असते तशी पांढरट झाक. धक्का लागायचा अवकाश, पानं टपटप खाली. एकदा माझी ओढणी अडकली आणि वीसेक पानं गळाली. साहेबांनी ती एकेक करून उचलली, डब्याच्या झाकणात कोरडी माती पसरून तिच्यावर आडवी मांडली आणि मला बजावलं, की आता इकडं फिरकायचं नाही, मूळ फुटेपर्यंत थेंब नाही.

“तहान लागल्याबिगर मूळ फुटत न्हाई बाई,” ते म्हणायचे.

हे वाक्य ते कशालाही लावायचे. मुलांचा अभ्यास, माझं लग्न, सरकार. मला वैताग यायचा.

साहेबांची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. सोमवार आणि गुरुवार, आठवड्यातून दोनदा त्यांना मशीनवर घालायचे. चार तास रक्त धुऊन निघायचं आणि संध्याकाळी ते पिळलेल्या धोतरासारखे घरी यायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवसाला पाऊण लिटर. त्यात चहा आला, आमटी आली, गोळ्या गिळायचा घोटही आला. रोज सकाळी मावशी एक बाटली भरून कोनाड्यात ठेवायच्या आणि पुढे दिवसभर साहेब त्या बाटलीकडे न बघण्याचं काम करायचे. लवंग चघळायचे. चूळ भरून टाकायचे. टाकताना मावशी समोर उभ्या राहायच्या, गिळलं तर नाही ना बघायला. ज्या माणसाने तीस वर्षं अख्ख्या तालुक्याचं पाणी कुलपात ठेवलं, त्याच्यावर ही पाळी आली होती. गावाकडे काही लोक म्हणायचे, भोगतोय. त्यात माझे वडील, आमचे आबाही होते.

मशीनवरून पहिल्यांदा घरी येताना साहेबांनी रिक्षा नर्सरीपाशी थांबवली होती म्हणे. विचारलं, सगळ्यात कमी पाणी पिणारं झाड कंचं हाय? घरात आपल्यापेक्षा कमी पिणारं कोणीतरी असावं, असं त्यांचं म्हणणं. मग त्या झाडाची चाकरी सुरू झाली. कुंडी मातीचीच हवी, बुडाला तीन भोकं हवीत. मातीत खत मूठभर, बाकी मुरूम, नदीची वाळू आणि विटेचा चुरा. चुरा करायला ते मावशींचा वरवंटा वापरायचे आणि त्यावरून त्या घरात महाभारत व्हायचं. खिडकी पूर्वेची. एप्रिल-मे महिन्यात ऊन चढलं की जुनं धोतर आडवं बांधायचे, नाहीतर पानं भाजतात. दर रविवारी कुंडीला पाव फेरा, म्हणजे सगळ्या अंगाला उजेड. मातीत खराट्याची काडी खुपसून बाहेर काढायची. काडीला माती चिकटून आली तर पाणी नाही. कोरडी आली तरी लगेच नाही. बुंध्याकडची पानं जराशी सुरकुतली की मग एक फुलपात्र, ते बुडातून निथळून जाईपर्यंत. निथळलेलं पाणी ताटलीत साठू द्यायचं नाही. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा, पावसाळ्यात महिना महिना नाही. झाडाला पाणी द्यायच्या दिवशी साहेब अंघोळ करून बसायचे आणि कुंडीच्या बुडातून पडणारा थेंब न् थेंब बघायचे. मी एकदा चहाचा कप घेऊन तिथून गेले तर म्हणाले, “बाई, आत जाऊन प्या.” तेव्हा मला माझीच लाज वाटली.

नोकरीत असतानाची त्यांची एक गोष्ट सगळीकडे ठाऊक होती. ते कोणाच्या घरचं पाणी प्यायचे नाहीत. खांद्याला फिरकीचा तांब्या, कमरेला कालव्याच्या दाराची किल्ली. शेतकऱ्याच्या वस्तीवर गेले, उन्हाने तोंड वाळलं असलं, म्हातारीने पुढे केलेला तांब्या असला, तरी हात जोडायचे आणि स्वतःच्या तांब्यातलं दोन घोट घ्यायचे. आमच्याकडे दारात आलेल्याने पाणी नाकारणं म्हणजे तोंडात मारल्यासारखंच. मी एकदा विचारलं, एवढं काय बिघडलं असतं? ते म्हणाले, ज्याचं पाणी प्यायलं त्याचं दार दुसऱ्या दिवशी बंद करता येत नाही. माणूस नजर चुकवायला लागतो. मग टेलच्या गावाला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोचत नाही. साहेब स्वतः आटपाडीकडचे. त्यांच्या लहानपणी त्या बाजूला कालव्याचं टोकदेखील नव्हतं.

आमच्या आबांचं आणि त्यांचं याच्यावरूनच फाटलेलं. एका उन्हाळ्यात आबांनी आपली पाण्याची पाळी संपल्यावरही कालव्याचा बांध फोडून रानात पाणी घेतलं. साहेबांनी पंचनामा केला आणि पुढची पाळी बंद केली. दोन एकर ऊस उभ्या उभ्या वाळला. आबांना उसाचं दुःख होतंच, पण त्याहून दुसरंच जास्त लागलं होतं. पंचनामा करून साहेब आमच्या सोप्यावर सहीला बसले होते आणि आईने दिलेलं माठातलं पाणी त्यांनी हात जोडून परत केलं. “वैऱ्याच्या घरचं बी मानूस पानी पितं,” आबा वीस वर्षं सांगत आले. मी खोली कोणाच्या घरात घेतली हे कळल्यावर त्यांनी दोन महिने माझा फोन उचलला नाही, आणि पुढे दोन वर्षं त्या घराची पायरी चढले नाहीत.

साहेबांनी काय खायचं-प्यायचं नाही याची यादी स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेली होती. अक्षर माझं. मावशी म्हणाल्या, तुझं अक्षर फळ्यावरचं, लांबून दिसंल. लाल शाईने पहिलं नाव शहाळं, मग केळं, मग बाकीचं. कारण आजारी माणसाला बघायला येणारा प्रत्येक जण शहाळंच घेऊन येतो. नर्सने समजावलं होतं, की शहाळ्यातला क्षार यांच्या अंगातून बाहेर पडत नाही, तो साठून हृदय थांबवतो. मावशी आलेल्याचं शहाळं दारातच घ्यायच्या आणि तो गेला की शेजाऱ्यांना देऊन टाकायच्या. सोमवारच्या आदल्या दिवशी तर त्या डोळ्यांत तेल घालून असायच्या, कारण गुरुवारपासून अंगात साठलेलं असायचं.

मावशींनी औंधच्या यमाईला ओटी बोलली होती. दोन वर्षं त्या घराबाहेर एक दिवस राहिल्या नव्हत्या. मीच मागे लागले, की जाऊन या, मी आहे ना. देवीचे वार मंगळवार-शुक्रवार, पण मला सुट्टी रविवारी, म्हणून देवीला रविवार चालवून घ्यावा लागला. पहाटेच्या गाडीला बसताना त्यांनी मला तीनदा सांगितलं, बाटली कोनाड्यात आहे. मी म्हटलं, मावशी, मी काय कुक्कुलं बाळ आहे का?

अकराच्या सुमारास आबा आले. न कळवता. हातात पिशवी, पिशवीत आमच्या बांधावरच्या नारळाची चार शहाळी आणि फडक्यात गुंडाळलेला कोयता. मी काही बोलायच्या आत म्हणाले, मानूस मशीनवर हाय म्हनतीस, बघाया नगं व्हय? वैर गेलं खड्ड्यात. साहेबांनी त्यांना नाव सांगायच्या आधी ओळखलं. या म्हणाले, लय दिसानं. आबा उंबऱ्याशी उकिडवे बसले आणि शहाळं सोलायला लागले.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. यादी माझ्या डोक्याशेजारी. आबांना चष्म्याशिवाय दिसत नाही. मला एवढंच म्हणायचं होतं, की आबा, त्यांना चालत नाही. पाच शब्दसुद्धा नाहीत. पण आबा मान वर न करता सोलत होते. हा माणूस आयुष्यात कोणापुढे नमला नव्हता, आणि आज वीस वर्षांनी तेच पाणी पुन्हा पुढे करायला तीन तास एसटीत बसून आला होता. ते शहाळं माझ्यादेखत परत गेलं असतं तर त्याने मला जन्मात तोंड दाखवलं नसतं, असं मला वाटलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

“साहेब,” आबा म्हणाले, “त्या साली माज्या माठातलं पानी तुमास्नी चाललं न्हाई.”

साहेबांनी दोन्ही हातांनी शहाळं घेतलं.

“तवा कमरेला किल्ली हुती,” ते म्हणाले. “आता न्हाई.”

आणि ते प्यायले. डोळे मिटून, न थांबता. त्यांचा गळा वरखाली होताना मी दोन वर्षांत प्रथम पाहत होते. आबांनी दुसरं फोडलं, तेही प्यायले. मलई चमच्याने खरवडून खाल्ली. मग दोघं म्हातारे टेलच्या गावांबद्दल, जुन्या मुकादमांबद्दल, कुठल्या तरी मेलेल्या इंजिनिअरबद्दल बोलत बसले. आबा तीनच्या गाडीने गेले. जाताना त्यांनी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. उरलेली दोन शहाळी मला ठेवून घे म्हणाले.

ते गेल्यावर मी म्हटलं, साहेब, यादी. साहेब म्हणाले, “उद्या मशीन हाय. धुऊन निघंल समदं. तेवढी टरफलं लांब टाकून या, हिला दिसाया नगं.” मी टरफलं आणि ती दोन शहाळी पिशवीत भरली आणि दोन गल्ल्या ओलांडून कचऱ्याच्या कुंडीत टाकून आले. फोन माझ्या हातात होता. दवाखान्याचा नंबर त्यात होता, मावशींचाही होता. मी लावला नाही. मनाशी म्हटलं, उद्या मशीन आहेच. मी शिकलेली बाई आहे, बी.एड. झालेली.

मावशी सातला आल्या. प्रसाद दिला, साहेबांच्या कपाळाला देवीचं कुंकू लावलं. साहेब म्हणाले, पाय जड वाटत्यात. मावशींनी थोडा वेळ चोळले. त्या रात्री साहेबांनी बाटलीतलं उरलेलं पाणी मागितलं नाही, ते मी लक्षात ठेवलं. सकाळी सहाला मावशींनी मला हाक मारली. मशीनला जायला म्हणून उठवायला गेल्या होत्या.

पुढचे दहा-बारा दिवस घरात माणसंच माणसं. साहेबांचा झाडावर जीव होता, झाड वाळू नये, म्हणून जो येईल तो कुंडीत फुलपात्रभर पाणी घालायचा. पाटी कोणीतरी काढून ठेवली होती. फोटोशेजारी ‘घालू नये’ बरं दिसत नाही म्हणाले. मावशी भिंतीला टेकून बसायच्या आणि येईल त्याला एकच सांगायच्या, “मी देवीला गेले नसते तर ह्ये झालं नसतं.” मी शेजारी बसून ते ऐकायचे. दिवसातून वीस वेळा ऐकायचे. त्या बाईने सगळा दोष स्वतःवर घेतला आणि मी, तोंडाची फाटकी, आल्या-गेल्याला चहा देत राहिले. तेराव्यापर्यंत झाड सडलं. बुंधा काळा, सगळ्या वेण्या फरशीवर. मी गळालेली धड पानं गोळा केली, झाकणात कोरड्या मातीवर मांडली आणि ते माझ्या खोलीच्या खिडकीत ठेवलं. मूळ फुटेपर्यंत थेंब दिला नाही.

मावशी घर भाड्याने देऊन आटपाडीला भावाकडे गेल्या. मी दुसरी खोली घेतली. आबा मात्र बदलून गेले. लग्नात, देवळात, सोसायटीच्या कट्ट्यावर, जिथं माणूस भेटेल तिथं सांगतात, साहेबानं शेवटचं पानी माज्या हातचं प्यालं, तीस वर्षांत कुनाच्या घरचं प्याला न्हवता, माजं प्याला. आई मेली तेव्हाही मी त्यांना असं हळवं झालेलं पाहिलं नव्हतं. मी तिथे असले तर उठून आत जाते.

दोन वर्षं गेली. झाकणातल्या पानांची झाडं झाली, झाडांच्या वेण्या झाल्या. ह्या मार्चमध्ये मी त्यातली एक लहान कुंडी मांडीवर घेऊन आटपाडीच्या गाडीत बसले. धक्क्यांनी अर्धी पानं माझ्या ओच्यात गळाली. मावशींनी दार उघडलं, कुंडी पाहिली आणि म्हणाल्या, आलं व्हय गाढवाचं शेपूट. त्या हसल्या. मला वाटलं, आता बोललं नाही तर मी कधीच बोलणार नाही. उंबऱ्यातच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आबा, शहाळी, यादी, कचऱ्याची कुंडी. पदराने तोंड पुसत, धडपडत, वर्गातली पोरं चोरी कबूल करतात तसं.

मावशींनी मला आत नेऊन बसवलं.

“मला ठावं हाय,” त्या म्हणाल्या. “कुकू लावाया वाकले तवाच तोंडाला वास आला शहाळ्याचा.”

मी म्हटलं, मग तेव्हाच विचारलं का नाही?

“इचारलं असतं तर त्याच घडीला गाडी करून दवाखान्यात न्यावं लागलं असतं. मला ठावं हुतं न्यावं लागतंय ते. पन दोन वर्सांत पैल्यांदा त्येंचं व्हट वलं दिसलं पोरी. म्हनलं, ऱ्हाऊ दे आजच्या दिस. सकाळी मशीन हायच.”

मी म्हटलं, मग तुम्ही देवीचं का सांगत होता सगळ्यांना?

“कायतरी सांगाया पायजे हुतं न्हवं. न्हाईतर कुनीतरी इचारत बसलं असतं, आदल्या दिशी घरात कोन आलतं म्हनून.”

मला रडू आवरेना आणि मावशी मला गप्प करायलाही आल्या नाहीत. त्यांनी कोपऱ्यातल्या खराट्याची एक काडी मोडली, कुंडीतल्या मातीत खुपसली, बाहेर काढून उजेडाला धरून पाहिली. कुंडी पूर्वेच्या खिडकीत ठेवली. भावाची सून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि आधी कुंडीकडे वळली, तर मावशींनी तिचा हात धरला.

मी निघाले तेव्हा त्या फाट्यापर्यंत सोडायला आल्या. गाडी येताना दिसल्यावर म्हणाल्या, “तुज्या आबांस्नी ह्यातलं कायबी सांगू नगंस.” मी मान हलवली. गाडी थांबली, मी चढले, आणि त्यांनी खालून खिडकीच्या गजाला हात लावला.

“आन् त्येंना म्हनावं, कवातरी या हिकडं. येताना दोन शहाळी आना. मी पिईन.”

मी आबांना निरोप दिला. ते पुढच्याच रविवारी गेले, चार घेऊन.